मूल कोणाकडे राहणार? ताबा, भेटी आणि नफका

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत आपल्या घरांच्या सोयरिकी पूर्वीपासून होत आल्या आहेत. सासर बारामतीचे, माहेर इंदापूरचे, किंवा त्याच्या उलट. मध्ये पन्नासेक किलोमीटरचा रस्ता. संसार चालू असतो तोवर हे अंतर कुणाच्या लक्षातही येत नाही. घर मोडले की याच रस्त्यावर एखादे मूल एस.टी.च्या खिडकीशी बसून इकडून तिकडे जाऊ लागते, आणि दोन्हीकडच्या मोठ्या माणसांच्या तोंडी एकच वाक्य येते: "शरिअतप्रमाणे मुलगा सात वर्षांचा झाला की बापाचा."

हे वाक्य इतक्या खात्रीने सांगितले जाते की सहा वर्षांच्या मुलाची आई वाढदिवसाची धास्ती घेऊन बसते. काही जणी भांडण टाळायला आधीच मूल देऊन टाकतात, काही जणी मुलाला शाळेतून काढून दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे ठेवतात. दोन्हींत नुकसान मुलाचेच आहे. म्हणून सुरुवात इथूनच करू.

सात वर्षांची गोष्ट खोटी नाही, अर्धवट आहे. हनफी फिकहात लहान मुलाचा सांभाळ, म्हणजे हिजानत, हा आईचा हक्क मानला आहे: मुलगा साधारण सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत. त्यानंतर वडिलांचा हक्क सुरू होतो. विलायत, म्हणजे कायदेशीर पालकत्व, मात्र पहिल्यापासून वडिलांकडेच असते. पण सात हा आकडा कुरआनात कुठेही नाही. तो इमामांनी इज्तिहादाने ठरवला आहे, आणि म्हणूनच मसलकांप्रमाणे तो बदलतो. कोकणातल्या शाफई घरांत समज आलेल्या मुलालाच आई-वडिलांपैकी एकाची निवड करू देण्याचा नियम आहे. शिया फिकहात मुलगा दोन वर्षांपर्यंत आणि मुलगी सात वर्षांपर्यंत आईकडे.

हदीसमध्ये जे आले आहे ते वाचले तर मन हलके होते. तलाक झालेली एक आई प्रेषितांकडे (स.) गाऱ्हाणे घेऊन आली, की ज्या मुलाला मी पोटात वाढवले त्याला आता त्याचे वडील माझ्याकडून नेऊ पाहतात. तू दुसरा निकाह करत नाहीस तोवर त्याच्यावर तुझाच हक्क जास्त आहे, असा निर्णय तिला मिळाला. दुसऱ्या एका प्रसंगी आई-वडील दोघांना समोर ठेवून मुलालाच कुणाचा हात धरायचा ते ठरवू दिले गेले. त्याने आईचा धरला. हजरत उमर (रजि.) यांच्यासारख्या मातब्बर सहाबींनाही आपला मुलगा आसिम याच्या बाबतीत खलिफा हजरत अबू बक्र (रजि.) यांनी मुलाला त्याच्या आजोळीच राहू देण्यास सांगितले होते. आपल्याकडे बैठकीत सात वर्षांचा नियम सांगणारे हे प्रसंग क्वचितच सांगतात.

आता कोर्टाचे. आपल्या देशात मुलाच्या ताब्याचा दावा 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली चालतो, आणि तो सर्व धर्मांना लागू आहे. त्याचे 17 वे कलम सांगते की न्यायाधीशाने मुलाला लागू असलेला वैयक्तिक कायदा पाहावा, पण मुलाचे हित कशात आहे हे ठरवताना त्याचे वय, लिंग, धर्म, सांभाळणाऱ्याचा स्वभाव आणि ऐपत, नात्याची जवळीक हे सगळे ध्यानात घ्यावे. आणि मूल मत देण्याइतके समजदार असेल तर त्याचेही ऐकावे. म्हणजे सात वर्षे हा मुद्दा कोर्ट ऐकते, पण तो शेवटचा शब्द नसतो.

लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याच्या एका प्रकरणात हे अगदी स्पष्ट झाले. खालच्या न्यायालयाने मुलाचे वय पाहून ताबा वडिलांना दिला होता. आई मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे गेली. जुलै 2025 मध्ये न्यायमूर्ती शैलेश ब्रह्मे यांनी तो आदेश रद्द करून नऊ वर्षांच्या मुलाचा ताबा आईकडे ठेवला. वैयक्तिक कायदा एका बाजूला आणि मुलाचे सुख व हित दुसऱ्या बाजूला असेल तर पारडे मुलाच्या बाजूने झुकते, असा त्या निकालाचा आशय आहे. वडिलांचा भेटीचा हक्क मात्र कायम राहिला, आणि आमच्या मते तेही तितकेच योग्य झाले.

सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये अतहर हुसेन यांच्या प्रकरणात असाच विचार केला होता. तिथे आई वारली होती, वडिलांनी दुसरा निकाह केला होता आणि मुले आजोळी होती. वडील नैसर्गिक पालक आहेत, हे मान्य करूनही मुलांचा अंतरिम ताबा आजोळीच ठेवला गेला. पालकत्व वेगळे आणि ताबा वेगळा, हा त्यातला धडा.

आईने दुसरा निकाह केला तर? फिकहाप्रमाणे मुलाशी नाते नसलेल्या पुरुषाशी निकाह झाल्यास हिजानत आईकडून नानीकडे जाते. कोर्ट मात्र केवळ तेवढ्यावरून मूल काढून घेत नाही; नव्या घरात मुलाची काय अवस्था आहे ते पाहते. वडिलांच्या दुसऱ्या निकाहालाही तीच कसोटी लागते, हे बऱ्याच जणांना नवे वाटेल.

अर्ज कुठे करायचा, हा प्रश्न दोन तालुक्यांमुळे महत्त्वाचा होतो. ताब्याचा अर्ज मूल जिथे नेहमी राहते तिथल्या जिल्हा पातळीच्या न्यायालयात होतो. मूल आईबरोबर इंदापुरात असेल तर पुण्यात नोकरी करणाऱ्या वडिलांना पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात दावा लावता येत नाही. बारामतीत अतिरिक्त जिल्हा न्यायाधीशांचे न्यायालय आहे, त्यामुळे या भागातल्या माणसाला त्यासाठी पुणे गाठावे लागत नाही. पतीने एका दमात तीन तलाक दिले असतील तर 2019 च्या कायद्याच्या 6 व्या कलमाने अज्ञान मुलांचा ताबा पत्नीला मिळतो, आणि तो मॅजिस्ट्रेटकडे मागता येतो. घरात मारहाण, छळ असेल तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालीही तात्पुरता ताबा मिळतो.

नफक्याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवे, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. खुला मागणाऱ्या बाईकडून पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून घेतले जाते की मुले माझ्याकडे, त्यांचा खर्चही माझाच, बापाकडे काही मागणार नाही. सुटकेच्या घाईत ती सही करते. तिने आपला महर सोडला असेल, तो तिचा होता. मुलांचा नफका तिचा नाहीच, तर तो सोडणार कसा? अशा कागदाने मुलाचा हक्क संपत नाही. ज्यांनी असा कागद करून दिला आहे त्यांनीही अर्ज करायला हरकत नाही.

सूरह अल-बकराच्या 233 व्या आयतीत मुलाच्या दूधपित्या वयातसुद्धा आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी वडिलांवर टाकली आहे, आणि मुलावरून आईलाही त्रास देऊ नये आणि वडिलांनाही, असे बजावले आहे. कायदाही वेगळे सांगत नाही. 1986 च्या कायद्यात मुलांसाठी दोन वर्षांपर्यंतच्या खर्चाचा उल्लेख होता, म्हणून बरेच पती "दोन वर्षे दिले, आता संपले" म्हणत. सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये नूर सबा खातून यांच्या प्रकरणात ते खोडून काढले. ती दोन वर्षांची तरतूद आईसाठी आहे. मुलांचा हक्क स्वतंत्र आहे. मुलगा सज्ञान किंवा कमावता होईपर्यंत आणि मुलीचे लग्न होईपर्यंत वडिलांनी खर्च द्यायचा. तलाक झालेल्या पत्नीलाही याच सर्वसाधारण कायद्याखाली पोटगी मागता येते, हे 10 जुलै 2024 च्या निकालाने पुन्हा पक्के झाले.

पूर्वीचे फौजदारी संहितेचे 125 वे कलम 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे 144 वे कलम झाले. आई जिथे राहते तिथल्या मॅजिस्ट्रेटकडे अर्ज चालतो. अंतरिम पोटगीचा निर्णय समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून शक्यतो साठ दिवसांत व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात, हे आम्हीही जाणतो. म्हणून एक गोष्ट पक्की ठेवावी. नागपूरहून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात 4 नोव्हेंबर 2020 रोजी ठरले की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, आणि दोन्ही पक्षांनी आपले उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज शपथपत्रावर सांगायचे. अर्ज लवकर करण्यात फायदा आहे तो यामुळे.

"माझे उत्पन्नच नाही," हे उत्तर ठरलेले असते. एम.आय.डी.सी.तला कंत्राटी कामगार तसे म्हणतो आणि दहा एकर ऊस असलेला बागायतदारही तसेच म्हणतो. तेव्हा 7/12 आणि 8-अ चे उतारे काढावेत. ऊस सोमेश्वरला जातो, माळेगावला की भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याला, हे वकिलाला सांगावे. उसाचे बिल बँकेत जमा होते आणि खात्याचा उतारा कोर्टातून मागवता येतो. आपल्या बाजूने शाळेच्या फीच्या पावत्या, दवाखान्याची बिले, जन्मदाखला आणि निकाहनामा जपून ठेवावा. आदेश होऊनही पैसे आले नाहीत तर थकबाकीसाठी वॉरंट निघते आणि थकलेल्या प्रत्येक महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. तुरुंगात जाऊन आल्याने थकबाकी फिटत नाही. मात्र रक्कम थकल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. इथे पुष्कळ जणी चुकतात.

शेतीवरून आठवले. वडील वारल्यावर 7/12 वर मुलाच्या नावापुढे "अ.पा.क. आई" असे लागते. त्यामुळे आईला मुलाचा हिस्सा विकण्याचा अधिकार मिळत नाही. आपल्या कायद्यात अज्ञान मुलाच्या मिळकतीची ती आपोआप पालक नसते. कोर्टाची परवानगी न घेता केलेले खरेदीखत पुढे मुलालाच कोर्टात न्यावे लागते.

वकिलाच्या फीची भीती असेल तर, स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे साधा अर्ज द्यावा किंवा 15100 वर फोन करावा.

राहिल्या भेटी. पैसे देत नाही म्हणून मूल दाखवायचे नाही, आणि मूल दाखवत नाही म्हणून पैसे द्यायचे नाहीत, हे दोन्हीकडून चालते आणि दोन्ही गैर आहे. कोर्ट या दोन गोष्टी वेगवेगळ्या धरते. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये यशिता साहू प्रकरणात मुलाला दोन्ही पालकांच्या प्रेमाचा हक्क आहे आणि भेट शक्य नसेल तर व्हिडिओ कॉलने बोलू द्यावे, असे सांगितले. दादी-दादांनाही नातवंडे दिसावीत, असे आम्हाला वाटते.

भेटींचा आदेश लिहून घेताना मोघम काही ठेवू नये. दुसरा आणि चौथा रविवार, सकाळी किती वाजता, कुणाच्या घरी, न्यायला कोण येणार, एस.टी.चे भाडे कुणाचे, आजारपणात भेट हुकली तर बदली दिवस कोणता, हे सगळे कागदावर असावे. दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी नमुन्यात आपोआप येते. ईद येत नाही, कारण ती कुणी सांगतच नाही. आणि सांगितली तर इंग्रजी तारीख टाकली जाते. ईद दरवर्षी साधारण अकरा दिवस मागे सरकते, त्यामुळे यंदाची तारीख पुढच्या वर्षी निरुपयोगी ठरते. तेव्हा अर्जातच लिहावे की ईद-उल-फित्रला नमाजपासून दुपारपर्यंत मूल एका घरी आणि दुपारनंतर दुसऱ्या घरी, बकरी ईदला त्याच्या उलट. आणि चाँदरातीला मूल कुठे झोपणार, हेही.