ग्लुटामेट, मॅग्नेशियम आणि फिट

फिट आली की नाकाशी कांदा किंवा चप्पल धरायची, ही रीत जळगाव-धुळ्याकडे अजून गेलेली नाही. माणूस शुद्धीवर येतो आणि श्रेय चपलेला मिळतं. खरं तर बहुतेक झटके एक-दोन मिनिटांत आपसूक थांबतात. रुग्णाला कुशीवर वळवावं, तोंडात काही घालू नये आणि पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर थेट दवाखाना गाठावा.

झटक्यात मेंदूच्या असंख्य पेशी एकाच वेळी, एकाच तालात पेटतात. त्यांना चेतवणारं मुख्य रसायन म्हणजे ग्लुटामेट. १९५० च्या दशकात जपानच्या ताकाशी हायाशी यांनी ते प्राण्यांच्या मेंदूवर सोडलं, तेव्हा झटके आले. म्हणून ग्लुटामेट विषारी, आणि चायनीजच्या गाडीवरच्या अजिनोमोटोने, म्हणजे ग्लुटामेटच्याच क्षाराने, फिट येते, असं कुणी मानलं तर ते चूक. खाण्यातलं बहुतेक ग्लुटामेट आतड्याच्या पेशीच वापरून टाकतात. जे रक्तात उतरतं त्याला मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत सहसा आत येऊ देत नाही. टोमॅटोत ते आहे, आईच्या दुधातही आहे. मेंदू आपलं ग्लुटामेट स्वतः तयार करतो, आणि पेशींना शांत करणारं ‘गाबा’ हे रसायनही त्यापासूनच बनवतो.

खरी गोम आहे ती ग्लुटामेट ज्यांना चिकटतं त्या ग्राहींमध्ये. त्यातला एनएमडीए हा ग्राही एरवी मॅग्नेशियमने बूच मारल्यासारखा बंद असतो. प्रयोगशाळेत उंदराच्या मेंदूचा अर्धा मिलिमीटरहूनही पातळ काप प्राणवायू मिसळलेल्या क्षारद्रवात काही तास जिवंत ठेवतात. त्या द्रवातून मॅग्नेशियम काढून घेतलं की थोड्याच वेळात कापातल्या पेशी एका तालात धडधडू लागतात. अर्थात, कापाला हातपाय नसतात, शुद्धही नसते. म्हणून शास्त्रज्ञ त्याला ‘झटक्यासारखी हालचाल’ म्हणतात, अपस्मार, म्हणजे फिटचा आजार, म्हणत नाहीत. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

मग जळगावची केळी खाऊन फिट जाईल का? नाही. केळ्यात मॅग्नेशियम आहे, पण ते अपस्माराचं औषध नव्हे. चालू गोळ्या बंद करणं तर धोक्याचंच. मात्र गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येतात, तिथे मॅग्नेशियम सल्फेट जीव वाचवतं. झटके थांबवणाऱ्या डायझेपाम या औषधापेक्षा ते सरस असल्याचं १९९५ च्या मोठ्या चाचणीत दिसलं. प्राथमिक आरोग्य केंद्रातून बाईला पुढे पाठवण्याआधी दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅमचं इंजेक्शन देतात, ते हेच. चोपडा, यावल, शिरपूरच्या पाड्यांवरून मोठं रुग्णालय लांब पडतं, तिथे या पहिल्या डोसाचं मोल फार मोठं. मॅग्नेशियम सल्फेट नेमकं कसं काम करतं याची सगळी उकल झालेली नाही. एनएमडीए हा त्यातला एक मार्ग मानतात.

हा ग्राही कायमचा बंद करून मात्र भागत नाही. शिकणं, आठवण ठेवणं त्याच्यावरच चालतं. २००७ साली जोसेफ दालमाऊ आणि सहकाऱ्यांनी एक आजार ओळखला. त्यात शरीराचीच प्रतिपिंडं एनएमडीए ग्राही पेशींवरून नाहीसे करतात. बहुधा तरुण मुलगी असते; ती असंबद्ध बोलते, तिला भास होतात, तोंड वेडंवाकडं होतं, झटके येतात. घरचे म्हणतात, अंगात आलं, आणि भगताकडे नेतात. मुळात हा मेंदूचा दाह आहे. काहींच्या अंडाशयात गाठ असते, ती काढावी लागते. सोबत स्टेरॉइड आणि प्रतिपिंडं कमी करणारे उपचार करतात. वेळेत सुरुवात झाली तर बहुतेक रुग्ण सावरतात, पण त्याला कित्येक महिने लागतात.