डोळा मिटलेला पहारेकरी

मुलांनो, चाकांवरच्या घरात राहायला आवडेल का तुम्हाला? ब्रिटनमध्ये अशा घराला 'कॅरॅव्हॅन' म्हणतात. काही कॅरॅव्हॅन मोटारीच्या मागे जोडून कुठेही नेता येतात. काही मात्र चांगल्या लांबलचक असतात आणि समुद्रकाठच्या मैदानात एकाच जागी उभ्या असतात. सुट्टीत लोक त्या भाड्याने घेतात. आत पलंग, बसायला बाक, चिमुकलं न्हाणीघर आणि गॅसची शेगडी असलेला ओटा. रेल्वेच्या डब्यात अख्खं घर बसवलं तर कसं दिसेल, अगदी तसं!

माझी धाकटी बहीण ब्रिटनमध्ये राहते. दोन वर्षांपूर्वी मी तिच्याकडे गेलो, तेव्हा आम्ही सगळे वेल्सच्या किनाऱ्यावर अशाच एका कॅरॅव्हॅनमध्ये चार दिवस राहिलो. बहीण, मेहुणे, तेरा वर्षांचा भाचा, नऊ वर्षांची भाची आणि मी.

पहिल्याच संध्याकाळी धो धो पाऊस लागला. आम्ही खिडक्या गच्च लावून घेतल्या. बहिणीने कढईत तेल तापवलं, मोहरी टाकली. मोहरी तडतडली, हिंग पडला, मिरच्या पडल्या, घमघमाट सुटला आणि...

'पीं! पीं! पीं!'

छताला चिकटवलेली एक पांढरी डबी जीव खाऊन ओरडू लागली. तो होता धुराचा अलार्म. भाच्याने कानांत बोटं घातली. मेहुण्यांनी फडकं घेऊन डबीखाली वारा घातला, तेव्हा कुठे ती गप्प झाली. पाच मिनिटांनी तव्यावरचं पीठ जळलं आणि पुन्हा 'पीं! पीं!' मग तिसऱ्या पोळीला पुन्हा! शेवटी मेहुणे वैतागले. त्यांनी डबी उघडली, आतली बॅटरी काढली आणि फळांच्या टोपलीत टाकून दिली. "चला, आता शांतपणे जेवू या!"

आम्ही शांतपणे जेवलो, पत्ते खेळलो, दिवे मालवले. पण भाचीची चुळबुळ काही थांबेना.

"मामा, त्याचा डोळा मिटलाय," ती हळूच म्हणाली.

"कुणाचा गं?"

"अलार्मचा. घरी तो मिनिटाला एकदा लाल डोळा मिचकावतो. मी झोपताना मोजते."

"झोप आता. सकाळी बसवू बॅटरी," पलीकडून तिचे बाबा म्हणाले.

ती उठून बसली. "मग मी जागी राहते. कुणीतरी जागं राहायला हवं ना?"

यावर कुणाला काही बोलताच येईना. मेहुणे मुकाट्याने उठले. अंधारात सफरचंदं चाचपत त्यांनी बॅटरी शोधली, बसवली आणि तपासणीचं बटण दाबलं. 'पीं!' करून डबी ओरडली. लाल डोळा लुकलुकला. भाची पाच मिनिटांत गाढ झोपली. आम्ही मोठे मात्र बराच वेळ जागे होतो!

नाक झोपतं, कान जागा राहतो

तुम्ही म्हणाल, आग लागली तर धुराच्या वासाने जाग येणार नाही का? नाही, बरं का! २००४ साली अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठाच्या दोन संशोधिकांनी झोपलेल्या माणसांवर हाच प्रयोग केला. गाढ झोपेत त्यांच्या नाकाशी उग्र वास सोडला, तरी ती नीटशी जागी होईनात. आवाजाने मात्र जाग येत होती. म्हणूनच हा अलार्म ओरडतो. तीन मीटर अंतरावर त्याचा आवाज ८५ डेसिबल इतका कर्कश असतो. तरीही लहान मुलं कधी कधी त्या आवाजातही झोपून राहतात. म्हणून त्यांना कोण उठवणार, हे मोठ्यांनी आधीच ठरवून ठेवायचं असतं.

कॅरॅव्हॅनमध्ये तर हा पहारा फारच गरजेचा. भिंती पातळ, आतलं सामान लाकडी पत्र्यांचं, फोमच्या गाद्यांचं. एकदा पेट घेतला तर काही मिनिटांत खेळ खलास! शिवाय शेगडीपासून पलंग फक्त चार पावलांवर.

आता कळलं ना, फोडणीने अलार्म का वाजला ते? जागा लहान, छत हात पुरेल इतकं खाली, खिडक्या बंद. घरी स्वयंपाकघरात पसरून विरळ होणारा धूर इथे सरळ डबीत शिरतो.

धूर ओळखायचा कसा?

या डबीला नाक नाही, मग तिला धूर कळतो कसा? कौलारू घरात दुपारी कवडसा पडतो, तो पाहिलाय ना? कवडशात धुळीचे कण कसे चमकतात! एरवी ते दिसतही नाहीत. एका जातीच्या अलार्ममध्ये हीच युक्ती असते. आतल्या काळोख्या कप्प्यात एक बारीकसा दिवा असतो आणि प्रकाश ओळखणारा एक 'डोळा'. पण दिव्याचा झोत डोळ्यावर पडणार नाही, अशी रचना असते. धूर आत शिरला की प्रकाश कणांवर आपटून इकडेतिकडे पसरतो, थोडा डोळ्यावर पडतो आणि भोंगा वाजतो. किटलीची दाट वाफ आत गेली तरी हेच होतं. बिचाऱ्याला वाफ आणि धूर यांतला फरक कसा कळणार?

दुसऱ्या जातीची गोष्ट आणखी गमतीची आहे. १९३० च्या दशकाच्या शेवटी वॉल्टर येगर नावाचे स्विस शास्त्रज्ञ विषारी वायू ओळखणारं यंत्र बनवायच्या खटपटीत होते. यंत्र काही केल्या चालेना. कंटाळून त्यांनी सिगारेट पेटवली आणि काय आश्चर्य, यंत्राचा काटा हलला! वायू सापडला नाही, पण धूर सापडला.

या जातीत अमेरिशियम नावाचं किरणोत्सारी मूलद्रव्य असतं. किती? एका ग्रॅमचे तीस लाख भाग केले, तर त्यातला जेमतेम एक! त्याच्या किरणांमुळे दोन पट्ट्यांमधल्या हवेतून अगदी बारीक वीजप्रवाह वाहत राहतो. धुराचे कण आले की तो अडतो आणि भोंगा वाजतो. हे किरण साध्या कागदानेही अडतात. तरीसुद्धा असा अलार्म आतून उचकटायचा मात्र नाही हं!

आणि या अमेरिशियमची बातमी जगाला पहिल्यांदा कुठे कळली असेल? मुलांच्या कार्यक्रमात! ग्लेन सीबोर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मूलद्रव्य १९४४ साली तयार केलं. युद्धामुळे ते गुपित होतं. ११ नोव्हेंबर १९४५ रोजी सीबोर्ग अमेरिकेतल्या 'क्विझ किड्स' या रेडिओ कार्यक्रमात पाहुणे होते. एका मुलाने विचारलं, "आणखी काही नवी मूलद्रव्यं सापडली का?" सीबोर्ग यांनी खरं ते सांगून टाकलं. शास्त्रज्ञांच्या सभेत ते जाहीर व्हायला अजून पाच दिवस अवकाश होता! प्रश्न विचारायला कधी लाजू नये, ते यासाठी.

आजोबांची शाळा

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मैदानाची देखभाल करणारे आजोबा चक्कर मारायला आले. आम्ही त्यांना रात्रीची हकिगत सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, "कुत्रा भुंकला म्हणून त्याला घराबाहेर काढता का? आधी बघा, कशाला भुंकतोय ते!"

त्यांनी छतातली छोटी खिडकी उघडून दाखवली. पाऊस असला तरी ती बोटभर उघडी ठेवता येत होती. ओट्यावरचा पंखा दाखवला. "शेगडी पेटवायच्या आधी हे दोन्ही सुरू करायचं. धूर झाल्यावर नाही." मग ते ओट्याशी वाकले आणि जमिनीतल्या एका जाळीतून वर्तमानपत्राचा बोळा बाहेर काढला. "हा कुणाचा उद्योग?"

भाच्याची मान खाली. पायांना गार वारा लागतो म्हणून त्यानेच तो कोंबला होता! आजोबांनी त्याला समजावलं, की स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर जमिनीलगत साचतो. त्याला बाहेर जायला वाट हवी, म्हणून या जाळ्या. त्या बुजवायच्या नाहीत, कितीही थंडी वाजली तरी.

मग त्यांनी अलार्मवरचं बटण दाखवलं. चुकून वाजला तर हे बटण दाबलं, की तो सुमारे दहा मिनिटं गप्प बसतो आणि नंतर आपोआप पुन्हा पहाऱ्याला लागतो. बॅटरी काढायची गरजच नाही! शिवाय तो शेगडीच्या फारच जवळ होता, म्हणून त्यांनी तो झोपायच्या खोल्यांच्या बाजूला सरकवून दिला.

"लांडगा आला रे आला" ही गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. त्यातला मुलगा खोटं बोलायचा. आपला अलार्म खोटं बोलत नाही. त्याला धूर दिसतो, तो सांगतो. तो धूर फोडणीचा की आगीचा, हे बघायचं काम आपलं. पण रोज रोज फुकट ओरडला, तर आपणच त्याला गप्प करून टाकतो आणि खरा लांडगा येतो तेव्हा सांगायला कुणीच नसतं. म्हणून फोडणीच्या धुराला वाट करून द्यायची आणि पहारेकऱ्याला जागं ठेवायचं.

आपल्याकडे घराघरांत असे अलार्म नसतात. पण हॉटेलच्या खोलीत, मॉलमध्ये, रेल्वेच्या वातानुकूलित डब्यात छताकडे बघा. अशी एखादी पांढरी डबी दिसेलच.

शेवटच्या दिवशी पुन्हा पाऊस होता. बहिणीने आधी छताची खिडकी उघडली, पंखा लावला आणि मग झणझणीत फोडणी दिली. आम्ही सगळे वर बघत होतो. आवाज नाही! फक्त लाल डोळा एकदा लुकलुकला. भाची म्हणाली, "एक."

लक्षात ठेवा

• आठवड्यातून एकदा बटण दाबून अलार्म तपासावा. बॅटरी कधीही काढून ठेवू नये. अलार्म साधारण दहा वर्षांनी बदलावा.

• अलार्म चुकून वाजला तर आधी गॅस बंद, मग खिडक्या उघड्या, मग गप्प करायचं बटण.

• पेटलेल्या तेलावर पाणी ओतू नये. भडका उडतो.

• निखाऱ्यांची शेगडी कॅरॅव्हॅनमध्ये किंवा तंबूत कधीही आणू नये, विझत आलेली असली तरी. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईड वायूला रंग नाही, वास नाही, पण तो जीव घेतो. धुराच्या अलार्मला तो कळत नाही. त्याचा अलार्म वेगळा असतो.

• खरी आग असेल तर सगळ्यांनी लगेच बाहेर पडावं. वस्तू घ्यायला परत आत जाऊ नये. बाहेर आल्यावर फोन करावा. ब्रिटनमध्ये ९९९, भारतात ११२ किंवा १०१.