वेल्डिंगच्या सांध्यात लपलेला ताण

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढविताना लोहार काय करतो, हे शेतकरी बंधूंस ठाऊक आहेच. धाव चाकाहून किंचित लहान ठेवून तो ती गोवऱ्यांच्या आगीत तापवितो, फुगलेली धाव चाकावर बसवितो आणि वर पाणी ओततो. धाव आकसते व लाकूड आवळून धरते. पुढे गाडी नुसती उभी असली, तरी ती धाव ताणलेलीच असते.

हीच क्रिया वेल्डिंगच्या प्रत्येक सांध्यात घडते. धावेचा ताण हेतुपूर्वक दिलेला व उपकारक असतो. सांध्यातील ताण नकळत मागे राहतो व पुष्कळदा घातक ठरतो. यासच अवशिष्ट ताण म्हणतात.

ताण कसा निर्माण होतो?

पोलाद सुमारे 1,500 अंश सेल्सिअस उष्णतेस वितळते. वितळलेला धातू सांध्यात भरला जातो, तेव्हा थोड्या अंतरावरील पोलाद थंडच असते. भरलेला धातू निवताना आकसू पाहतो. भोवतालचे पोलाद त्यास आकसू देत नाही. एक मीटर लांबीची पोलादी पट्टी 100 अंशांनी निवली, की सुमारे 1.2 मिलिमीटर आखूड होते. ती दोन्ही टोकांस घट्ट जखडून ठेवल्यास तिच्या दर चौरस सेंटिमीटर छेदावर सुमारे अडीच टनांची ओढ बसते. साधे पोलाद जवळजवळ एवढ्याच ओढीस कायमचे ताणले जाऊ लागते. आणि सांधा तर शेकडो अंशांनी निवतो. म्हणजे ट्रॉलीत एक पोतेही भरण्यापूर्वी तिच्या दांड्याच्या सांध्यावर मोठा ताण असू शकतो.

चिवट पोलाद हा ताण बऱ्याच अंशी सोसते. परंतु सांध्यात खाच राहिली, पोलाद ठिसूळ असले, किंवा वारंवार हिसके बसत गेले, तर तडा जातो. 16 जानेवारी 1943 रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे ‘स्केनेक्टडी’ हे वेल्डिंगने बांधलेले नवे तेलवाहू जहाज धक्क्यास उभे असताना, शांत पाण्यात, जवळजवळ दुभंगले. ठिसूळ पोलाद, सदोष सांधे व आत अडकलेला ताण एकत्र आले, म्हणजे काय होते, याचा तो धडा होय.

दुरुस्ती करताना घ्यावयाची काळजी

1. गंज, रंग व तेल खरवडून काढावे. तडा मुळापर्यंत घासून मगच सांधा भरावा. जुन्या तड्यावर नुसता थर चढवू नये.

2. सांधा आवश्यक तेवढाच भरावा. अधिक धातू म्हणजे अधिक आकसणे.

3. प्रथम ठिकठिकाणी टाके द्यावेत. लांब सांधा एका दमात न ओढता लहान तुकड्यांत, दोन्ही बाजूंस आलटूनपालटून भरावा.

4. जाड किंवा कडक पोलाद आधी तापवून घ्यावे. वेल्डिंगची कांडी कोरडी असावी. ओलाव्यामुळे सांधा ठिसूळ होतो.

5. तापलेल्या सांध्यावर पाणी कदापि ओतू नये. धावेस जे हितकर, ते येथे अहितकर होय.

6. कमानीचे पाटे वेल्डिंगने जोडू नयेत, नवे घालावेत.

काही तडे काम संपल्यावर एक-दोन दिवसांनी उघड होतात. म्हणून जोखमीचा सांधा दोन दिवसांनी पुन्हा पाहावा. पूर्ण निवलेल्या सांध्यास, आगीपासून दूर, रॉकेल लावून थोड्या वेळाने पुसावे व वर खडू फासावा. तडा असल्यास खडूवर ओली रेघ उमटते. मात्र आतील सर्वच दोष या परीक्षेने कळत नाहीत.

कारखान्यांत महत्त्वाचे सांधे सुमारे 600 अंशांपर्यंत तापवून सावकाश निववितात व ताण उतरवितात. गावच्या कार्यशाळेत हे सहसा साधत नाही. म्हणून ट्रॉलीचा दांडा व हूक ही कामे निष्णात कारागिराकडूनच करवून घ्यावीत. ग्रामसेवकांनी हंगामापूर्वी गावातील वेल्डरांशी या गोष्टी बोलून घ्याव्यात. चढणीवर दांडा तुटला, तर भरलेली ट्रॉली मागे येते, आणि तिच्यात बहुधा आपलीच माणसे बसलेली असतात.