जुन्या पायथनवर प्रोग्रॅम अडतो तेव्हा

लॅमिंग्टन रोडवरून विंडोज ७ चा जुना संगणक स्वस्तात आणावा, त्यावर बिलाचा नवा प्रोग्रॅम चढवावा, आणि तो सुरूच होऊ नये! दुरुस्तीवाला म्हणतो, नवे मशीन घ्या. आमच्या दुकानदार व कारागीर बांधवांनी खिशात हात घालण्याआधी पडद्यावरची चूक वाचावी.

पायथन भाषेत कुठे आकडा, कुठे नाव, याची चिठ्ठी लिहितात. मालाच्या पेटीवर असते तशी. २०२० च्या ३.९ आवृत्तीने 'लिस्ट[इन्ट]' म्हणजे आकड्यांची यादी, अशी नवी चिठ्ठी आणली. विंडोज ७ वर ३.८ पुढची आवृत्ती बसत नाही, आणि ३.८ ला ही चिठ्ठी कळत नाही. मग 'टाइप ऑब्जेक्ट इज नॉट सबस्क्रिप्टेबल' असे येते. माल ठीक असतो, चिठ्ठीच अडते.

मूळ फाइलची प्रत काढून ठेवावी. मग फाइलच्या आरंभी 'फ्रॉम __फ्यूचर__ इम्पोर्ट अ‍ॅनोटेशन्स' ही ओळ इंग्रजी अक्षरांत लिहावी. ३.७ पासून ती चालते. पायथन मग चिठ्ठ्या तपासत बसत नाही. तरीही अडलेच, तर 'टायपिंग' मधून मोठ्या एलचे जुने 'लिस्ट' घ्यावे. इतर नव्या सोयी मात्र या ओळीने चालू होत नाहीत.

३.८ ची देखभाल २०२४ मध्ये थांबली. अशा संगणकावर बिले करावीत, बँकेचे व्यवहार नकोत.