बोर्ड, सीईटी, नीट : अभ्यास एक, कागदही एक

मुळशीतल्या वाड्या-वस्त्यांवरून बारावी सायन्सला येणारी आपली बरीच मुले घरातली शिकणारी पहिलीच पिढी. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड, लगेच एप्रिल-मेमध्ये सीईटी आणि नीट, हे ऐकूनच त्यांचे हातपाय गळतात. मुलांनो, तीन परीक्षांचे तीन अभ्यास करू नका. धडा बहुधा तोच असतो, विचारण्याची पद्धत वेगळी.

बोर्डात ७० गुण लेखी, ३० प्रात्यक्षिकाचे. म्हणून धडा वाचला की व्याख्या, सूत्र, आकृती पुस्तक मिटून लिहा. दुसऱ्या दिवशी त्याच धड्यावरचे पर्यायी प्रश्न घड्याळ लावून सोडवा. सीईटीत साधारण ८० टक्के भार बारावीचा, २० टक्के अकरावीचा. नीटमध्ये मात्र अकरावी मागे टाकून चालत नाही, आणि जीवशास्त्र एनसीईआरटीच्या पुस्तकातून ओळ न ओळ वाचावे लागते.

सीईटीत चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नका. नीटमध्ये बरोबरला ४, चुकीला उणे १. चार चुकले की एका बरोबर उत्तराचे गुण गेले. दोन पर्याय खात्रीने खोडता आले, तरच तिथे हात घाला.

गुण मिळूनही प्रवेश अडतो तो कागदावर. राखीव जागेसाठी जमातीचे वैधता प्रमाणपत्र लागते. अर्ज वेळेत कॉलेजमार्फत करा. आजोबा-पणजोबांच्या जुन्या नोंदी शोधायला महिने जातात. कातकरी घरांनी तर दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाण्याआधीच हे काम उरकावे.