‘एमा’विषयीच्या जबान्या

भोरला पंतसचिवांचा अंमल होता आणि पुण्याच्या दरबारात गंगाधरशास्त्र्यांच्या खुनाचे प्रकरण धुमसत होते, त्या १८१५ सालच्या डिसेंबरात लंडनमध्ये जेन ऑस्टेनची ‘एमा’ ही विनोदी प्रणयकादंबरी तीन खंडांत प्रसिद्ध झाली. आणि आम्हां किकवीकर वाचनवेड्यांना तिचे विशेष अगत्य वाटते ते अशासाठी, की तिच्याविषयी आप्तेष्टांची व परिचितांची मते, अनुकूल असोत वा प्रतिकूल, लेखिकेने स्वहस्ते टिपून ठेवली आणि ते दफ्तर आजही उपलब्ध आहे.

लेखिकेच्या मातोश्रींना ही कथा ‘मॅन्सफील्ड पार्क’हून अधिक करमणुकीची वाटली, परंतु ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ची गोडी तिला नाही, असा त्यांचा निवाडा पडला. आरमारातील धाकट्या भावाने ती सागरप्रवासात तीनदा वाचली. भाची फॅनी हिला मात्र खुद्द नायिकाच असह्य झाली. एका गृहस्थाने, पुस्तक रंजक नसल्याची वदंता ऐकून, केवळ पहिले व अखेरचे प्रकरण वाचले, तर ‘एडिंबरो रिव्ह्यू’च्या जेफ्रींना तिने तीन रात्री जागविले!

फॅनीचा रोष मला गैरवाजवी वाटतो. सोयरिकी जुळविण्याचा हव्यास जडलेली एमा बॉक्स हिलवरील सहलीत, गरीब व बडबड्या मिस बेट्सचा चारचौघांत उपमर्द करते, आणि तिचा स्नेही नाइटली याने खडसावल्यावर परतीच्या वाटेवर गाडीत अश्रू ढाळते. त्या प्रसंगासाठी तरी ही कादंबरी आद्यंत वाचावी, आणि आपला अभिप्राय, प्रतिकूल असला तरीही, सकारण कळवावा.