भोंगा वाजताच धावणारे शेजारी

दर वर्षी ४ मे रोजी ख्रिस्तसभा संत फ्लोरियन ह्या रक्तसाक्षी संतांचे स्मरण करते. संत अंतोनी, संत जोसेफ ह्यांच्या मूर्ती आपल्या धर्मग्रामांत घरोघरी दिसतात. संत फ्लोरियन आपल्याला तसे अपरिचितच. ऑस्ट्रिया देशातील खेड्यापाड्यांत मात्र त्यांची मूर्ती चौकातील कारंज्यावर, घरांच्या भिंतींवर आणि हमखास अग्निशमन केंद्राच्या दर्शनी भागी आढळते. रोमन सैनिकाचा वेष, एका हाती ध्वज, दुसऱ्या हाती पाण्याची बादली आणि पायाशी जळणारे एक लहानसे घर, असे त्या मूर्तीचे रूप असते. संत फ्लोरियन हे अग्निशामक दलाचे आश्रयदाते संत होत. त्यांच्या छत्राखाली तेथील सर्वसामान्य प्रापंचिक जी सेवा करतात, तिची ओळख वाचकांना करून द्यावी, ह्या हेतूने आम्ही हा लेख सादर करीत आहोत.

संत फ्लोरियन कोण होते?

इसवी सन ३०४. रोमन सम्राट डायोक्लेशियन ह्याच्या राजवटीत ख्रिस्ती श्रद्धावंतांचा छळ सुरू होता. आजच्या ऑस्ट्रियाचा बराचसा भाग तेव्हा नोरिकम ह्या रोमन प्रांतात मोडत असे. परंपरा असे सांगते की, फ्लोरियन हे तेथील निवृत्त अधिकारी होते. लॉरियाकम येथे चाळीस ख्रिस्ती बांधवांना बंदिवासात टाकल्याची वार्ता कानी येताच ते त्यांच्या मदतीस निघाले. त्यांनाही पकडण्यात आले. श्रद्धा सोडण्यास नकार दिला म्हणून गळ्यात धोंडा बांधून त्यांना एन्स नदीत ढकलून देण्यात आले.

पाण्यात मरण आलेल्या ह्या संतांकडे पुढे लोक आगीपासून रक्षणासाठी प्रार्थना करू लागले. बालपणी त्यांनी बादलीभर पाण्याने जळते घर विझवल्याची दंतकथा प्रचलित झाली. १५२८ साली पोलंडमधील क्राकुफ नगराच्या एका भागात भीषण आग लागली. तीतून संत फ्लोरियन ह्यांचे चर्च बचावले आणि ही भक्ती अधिकच दृढ झाली. पुढे संतपदास पोहोचलेले पोप जॉन पॉल दुसरे हे तरुणपणी, १९४९ ते १९५१ ह्या काळात, ह्याच चर्चमध्ये साहाय्यक धर्मगुरू होते.

दंतकथा बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते. फ्लोरियन घरी स्वस्थ बसू शकले असते. दुसऱ्यांवरील संकटाची हाक ऐकून त्यांनी घर सोडले.

पगार नाही, तरी पथक सज्ज

आपल्याकडे शहरांतील अग्निशामक दल म्हणजे महापालिकेचे किंवा नगरपालिकेचे पगारी जवान. ऑस्ट्रियात अशी पूर्णवेळ पगारी दले केवळ सहा शहरांत आहेत: व्हिएन्ना, ग्रात्स, लिंत्स, साल्सबुर्ग, इन्सब्रुक आणि क्लागनफुर्ट. उर्वरित देशाची भिस्त सुमारे साडेचार हजार स्वयंसेवी दलांवर आहे. जर्मन भाषेत त्यांना ‘फ्रायविलिगे फॉयरवेर’ म्हणजे ‘स्वेच्छेचे अग्निशामक दल’ म्हणतात. शेतकरी, सुतार, शिक्षिका, बँकेतील कारकून, महाविद्यालयीन विद्यार्थी हे ह्या दलाचे सभासद असतात. सेवेबद्दल त्यांना वेतन मिळत नाही. बंब, पंप, गणवेश आदींचा खर्च स्थानिक व प्रांतिक शासन उचलते. उरलेला भार दल देणग्यांतून आणि गावजत्रेसारख्या वार्षिक उत्सवातून भागवते.

केंद्रात चोवीस तास कोणी बसलेले नसते. जो तो आपापल्या उद्योगात असतो. १२२ ह्या क्रमांकावर दूरध्वनी आला की गावचा भोंगा वाजू लागतो: पंधरा-पंधरा सेकंदांचे तीन दीर्घ स्वर, मध्ये सात-सात सेकंदांचा विराम. सोबत खिशातील पेजर किंवा मोबाइलही वाजतो. हातातील काम टाकून सभासद केंद्राकडे धाव घेतात, जाड गणवेश चढवतात आणि पुरेसे हात जमताच बंब बाहेर पडतो. भोंगा ऐनवेळी दगा देऊ नये म्हणून दर शनिवारी दुपारी बारा वाजता देशभर त्याची चाचणी घेतली जाते. त्या वेळी भोंगा ऐकून कोणी घाबरत नाही.

हाक नेहमी आगीचीच असते असे नव्हे. रस्त्यावरील अपघातात चेपलेल्या मोटारीतून माणसे सोडवणे, वादळात पडलेली झाडे हटवणे, तळघरात शिरलेले पाणी उपसणे, खड्ड्यात पडलेले जनावर वर काढणे, अशीच कामे संख्येने अधिक असतात. २००२ आणि २०१३ साली डॅन्यूब नदीला महापूर आला, तेव्हा हीच मंडळी दिवसरात्र पाण्यात उभी होती.

ह्या व्यवस्थेला अडचणीही आहेत. पूर्वी बहुतेक लोक गावातच शेती वा कारागिरी करीत. आता अनेक जण नोकरीसाठी दूरच्या शहरात जातात. परिणामी, कामाच्या दिवशी भर दुपारी हाक आली तर गावात पुरेसे सभासद सापडणे कठीण होते. म्हणून एकाच घटनेसाठी शेजारच्या दोन-तीन गावांच्या दलांना एकाच वेळी बोलावण्याची पद्धत रूढ झाली आहे.

धैर्यालाही शिक्षण लागते

आगीत उडी घेण्यास धैर्य लागते हे खरे. परंतु न शिकलेले धैर्य इतरांनाही संकटात टाकते, हे ह्या दलांचे पहिले सूत्र आहे. शाळकरी मुले-मुली युवक शाखेत दाखल होतात. तेथे ती गाठी मारणे, प्रथमोपचार, नकाशा वाचणे आणि उपकरणांची नावे शिकतात. साधारण पंधरा-सोळाव्या वर्षी सभासद मुख्य दलात येतो. गावातील प्राथमिक शिक्षण, मग जिल्ह्याचा अभ्यासवर्ग आणि पुढे प्रांताच्या अग्निशमन विद्यालयातील विशेष वर्ग, अशा पायऱ्या तो चढतो. ह्यासाठी सुटीचे दिवस आणि कामानंतरच्या संध्याकाळी खर्ची पडतात.

सर्वांत कठीण शिक्षण धुरात शिरण्याचे. आगीत माणसे ज्वाळांपेक्षा धुराने अधिक दगावतात. म्हणून आत जाणाऱ्याच्या पाठीवर दाबून भरलेल्या हवेचे नळकांडे असते. पुष्कळांना वाटते की त्यात ऑक्सिजन असतो. प्रत्यक्षात ती साधी स्वच्छ हवाच असते. ती सुमारे अर्धा तास पुरते, श्रम वाढले की त्याहूनही कमी. ज्याची प्रकृती वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण होते, त्यालाच हे काम मिळते. ऑस्ट्रियात हे सभासद तिघांच्या तुकडीने आत जातात आणि एकमेकांना सोडत नाहीत. धुरात स्वतःचा हातही दिसत नसल्याने जमिनीलगत सरपटत, एक हात भिंतीला लावून खोली शोधायची. परतताना तीच भिंत वाट दाखवते. जाण्यास जेवढी हवा लागली, त्याच्या दुप्पट हवा परतीसाठी राखायची, असा साधा हिशेब शिकवला जातो. त्यांच्या सुटकेसाठी दुसरी तुकडी बाहेर सज्ज असते.

पाणी मारणे हीसुद्धा विद्या आहे. एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १७०० लिटर जागा व्यापते. बंद खोलीत बेताल पाणी मारल्यास ही तप्त वाफ जवानालाच भाजून काढते. छताशी साचलेले तप्त वायू एकाएकी पेट घेऊन क्षणात सारी खोली ज्वाळांनी भरू शकते. म्हणून दार सताड उघडायचे नाही. आधी त्याची उष्णता अजमावायची आणि मगच बेताने आत शिरायचे.

दर उन्हाळ्यात ह्या शिक्षणाची स्पर्धा भरते. नऊ जणांचा गट पाणी खेचणारे जाड नळ जोडतो, पंपापासून दुहेरी फवाऱ्यापर्यंत नळांची रांग अंथरतो. घड्याळ सेकंद मोजत असते आणि प्रत्येक चुकीला गुण वजा होतात. पुढे धावण्याची शर्यत होते. तीत एकमेकांच्या हाती दिली जाते ती नळाच्या टोकाची तोटी. कांस्यपदकाच्या परीक्षेत प्रत्येकाचे काम आधीच ठरलेले असते. रौप्यपदकासाठी मात्र ऐनवेळी चिठ्ठ्या टाकून कामे वाटली जातात. प्रत्येकाला प्रत्येकाचे काम आले पाहिजे, हा त्यामागील उद्देश. खऱ्या हाकेच्या वेळी कोण गावात असेल आणि कोण नसेल, हे आधी कोणाला ठाऊक असते?

वेदीशी जुळलेले नाते

देवाचा सन्मान आणि शेजाऱ्याचे रक्षण, असे ह्या दलांचे जुने ब्रीद आहे. संत फ्लोरियन ह्यांच्या सणाच्या सुमारास सारे दल गणवेशात मिस्साबलिदानाला येते. नवा बंब आला की धर्मगुरू त्याला आशीर्वाद देतात. दलांना आपले आध्यात्मिक मार्गदर्शक धर्मगुरूही असतात. मृत्यू जवळून पाहून परतलेल्या तरुणांना आधार देणे हे त्यांचे महत्त्वाचे काम.

नाताळच्या आदल्या दिवशी ह्याच दलांची मुले एक सुंदर सेवा करतात. बेथलेहेम येथील प्रभुजन्माच्या गुहेत प्रज्वलित केलेली ज्योत विमानाने ऑस्ट्रियात आणली जाते. १९८६ साली सुरू झालेल्या ह्या उपक्रमात अग्निशमन दलाची मुले ती शांतिज्योत कंदिलातून घरोघरी पोहोचवतात. एरवी आग विझवायला शिकणारे हात त्या दिवशी ज्योत जपून नेतात.

जर्मन भाषेत ‘संत फ्लोरियनचे तत्त्व’ असा एक उपरोधिक वाक्प्रचारही आहे. माझे घर वाचव, हवे तर दुसऱ्याचे पेटव, अशी स्वार्थी प्रार्थना करणाऱ्याला तो लावतात. भोंगा वाजताच स्वतःचे घर सोडून दुसऱ्याच्या घराकडे धावणारे हे स्वयंसेवक त्या प्रार्थनेला आपल्या कृतीने उत्तर देतात.

आपण काय करावे?

मुंबईला ह्या त्यागाची ओळख आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळा आणि कापूस भरलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाला आग लागली. ती विझवताना झालेल्या स्फोटांत अग्निशामक दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा राष्ट्रीय अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

आपल्या गावात १०१ किंवा ११२ ह्या क्रमांकावर हाक दिली तरी बंब येईपर्यंतची पहिली काही मिनिटे शेजाऱ्यांच्याच हाती असतात. कढईतील तेल पेटले तर पाणी न ओतता झाकण ठेवून गॅस बंद करावा, गॅसचा वास आल्यास विजेच्या कोणत्याही बटणाला हात लावू नये, धुरात वाकून चालावे, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक हवे. सणाच्या दिवशी अरुंद गल्लीत वाहन लावताना येथून बंब जाईल काय, हा प्रश्न स्वतःला विचारावा. ऑस्ट्रियातील अनेक खेड्यांत आगीसाठी खास तळे राखलेले असते. आपल्या वसईच्या पूर्वजांनी खोदलेली बावखले आपण बुजवत आहोत. पंपाला पाणी खेचायचे तर ते कोठून, ह्याचाही विचार व्हावा. नागरी संरक्षण दल आणि २०१६ साली सुरू झालेली ‘आपदा मित्र’ योजना ह्यांसारख्या मार्गांनी नागरिकांना प्रशिक्षण मिळू शकते. धर्मग्रामातील युवक-युवतींनी ते घ्यावे, असे आम्हांस मनापासून वाटते.

लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशूने कंबर कसून, दिवे तेवते ठेवून धन्याची वाट पाहणाऱ्या सेवकांचा दाखला दिला आहे. धन्याची हाक कधी शेजाऱ्याच्या किंकाळीतूनही येते. ती आली तेव्हा आपण जागे असावे आणि काय करायचे ते आपल्याला आधीच ठाऊक असावे, हीच संत फ्लोरियन ह्यांच्या मध्यस्थीने आमची प्रार्थना.